कूलर कुठल्या भिंतीला? बंदिस्त शूटिंग रेंजमधली हवा, नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या लेकीच्या रेंजवरचा कूलर मीच बसवला होता, आणि चुकीच्या भिंतीला बसवला होता. एप्रिल महिना, पत्र्याचं शेड, दुपारी चारला आत उभं राहवत नव्हतं. टार्गेटच्या भिंतीला खिडकी होती, खिडकीखाली नळ होता, म्हणून कूलर तिथंच. गार झोत थेट लेकरांच्या तोंडावर यायला लागला आणि सगळे खूश झाले. दोन आठवड्यांनी एका मुलाच्या आईनं रायफल ठेवायचं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि फडकं माझ्यापुढे धरलं. "भाऊ, हे बघा काय निघालं." फडक्यावर करडा, चकाकता पट्टा होता, शिसपेन्सिल घासल्यासारखा. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. इथल्या धुळीत मात्र खरं, विषारी शिसं असणार होतं.

मी वाळूजच्या कारखान्यांत डक्टिंगची, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांची कामं करतो. पेंट बूथमध्ये, म्हणजे रंग फवारायच्या खोलीत, हवा रंगाऱ्याच्या पाठीकडून पुढं जाते आणि रंगाचा फवारा पुढच्या भिंतीत ओढला जातो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तेच रेंजवर सुचलं नाही, कारण डोक्यात फक्त उकाडा होता. लेकराला पहिल्यांदा रेंजवर घालणाऱ्या आई-बापांनी, स्वतः शिकायला येणाऱ्यांनी आणि एखादा गाळा घेऊन छोटी रेंज काढायच्या विचारात असणाऱ्यांनी काय बघावं, कोणत्या क्रमानं बघावं, ते इथं लिहितोय.

आधी रेंज कोणती आहे ते ओळखा

जिल्ह्याच्या गावात नवखा माणूस ज्या रेंजवर जातो ती बहुधा १० मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची असते. बंदूक दाबलेल्या हवेवर चालते, बार नाही, दारू नाही. शिसं येतं ते पेलेटमधून, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या छर्र्यातून. दुसरी रेंज पॉइंट टू-टूची (.२२ इंच बोअरच्या बंदुकांची), २५ किंवा ५० मीटरची. तिथं काडतूस फुटतं. त्याच्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्यात, बहुधा लेड स्टिफ्नेट नावाचं शिशाचं संयुग असतं, गोळीही उघड्या शिशाची असते, आणि प्रत्येक बारासोबत शिशाची वाफ आणि बारीक कण नेमबाजाच्या तोंडापुढेच बाहेर पडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो. दोन्ही रेंजना 'शूटिंग रेंज' म्हणत असले तरी हवेच्या बाबतीत त्यांची तुलना म्हणजे कंदिलाची आणि वीटभट्टीची तुलना. एअर रेंज बरीच सौम्य आहे, पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे.

कसं ते हिशोबानं बघा. सामन्याचं एक पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं असतं. वीस मुलांनी दिवसाला शंभर-शंभर पेलेट मारली तर रोज एक किलोपेक्षा जास्त शिसं समोरच्या लोखंडी पट्टीवर आदळतं, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसव्वीस किलो. त्यातलं बहुतेक चपटं होऊन ट्रॅपमध्ये, म्हणजे टार्गेटमागच्या छर्रे गोळा करायच्या पेटीत, पडतं. थोडं फुटतं आणि त्याची भुकटी होते. बंदुकीच्या नळीत घासून निघणारी भुकटी फायरिंग लाईनवरच, म्हणजे नेमबाज उभे राहतात तिथंच, पडते. मोठे कण खाली बसतात. सगळ्यात बारीक कण खाली बसायला तास घेतात, आणि तेवढ्यात कुणी पंखा लावला, झाडू मारला की पुन्हा उठतात.

दुसरं काम : उदबत्ती लावा

यंत्र नको, इंजिनिअर नको. एक उदबत्ती पुरते. पण ही तपासणी फक्त एअर रेंजवर करायची. काडतुसाच्या रेंजमध्ये न जळलेली दारू फरशीवर, कोपऱ्यांत, फोममध्ये साचलेली असते. तिथं जळती वस्तू नेणं म्हणजे आग लावायलाच जाणं. तिथं हलक्या टिश्यूची पट्टी किंवा सुती दोरा काठीला बांधून बघायचं.

शिकवणाऱ्या सरांना सांगून नेमबाजी थांबवा. सगळ्या रायफली खाली, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) नळीत, मग पुढं जा. पंखे, कूलर, एसी रोज जसे चालू असतात तसेच चालू ठेवा. फायरिंग लाईनवर एखाद्याला नेमबाजासारखं, टार्गेटकडे कुशी करून उभं करा आणि त्याच्या हनुवटीपुढे वीतभर अंतरावर उदबत्ती धरा. धूर सरळ टार्गेटकडे निघाला तर उत्तम. सरळ वर चढला तर हवा हलतच नाही. मागे तोंडावर आला तर आमच्या रेंजसारखी गत.

चौथा प्रकार फसवा असतो. धूर पुढं निघतो, पण माणसाच्या छातीपुढे घुटमळतो, गिरकी घेतो आणि मग कुठंतरी जातो. नदीतल्या खांबामागं पाणी भोवरा करतं, तशी हवा माणसाच्या आडोशाला भोवरा करते. मागून येणारी हवा एका जागेवरून जोरात येत असली की हे हमखास होतं. म्हणून एकाच लेनवर (एका नेमबाजाच्या पट्ट्यात) बघून समाधान मानू नका. भिंतीलगतची लेन बघा, मधली बघा, आणि उभं राहून, गुडघ्यावर बसून, झोपून अशा तिन्ही उंचींवर बघा. मग टार्गेटजवळ जाऊन ट्रॅपसमोर धरा. तिथला धूर बाहेर जाणाऱ्या पंख्याकडे जातोय की खोलीतच तरंगतोय? बहुतेक ठिकाणी तो तरंगतच असतो.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिसऱ्या लेनवरचा धूर वाकून पार वेटिंगच्या बाकांपर्यंत गेला. तिथं बायका लहान लेकरांना घेऊन बसलेल्या असायच्या.

तिसरं काम : हवेला रस्ता द्या

नियम एवढाच : स्वच्छ हवा नेमबाजाच्या पाठीमागून यावी, सरळ टार्गेटकडे जावी आणि टार्गेटच्या मागून बाहेर पडावी. बाकी सगळं या एका ओळीचं तपशीलवार काम आहे.

कूलर आम्ही मागच्या भिंतीला नेला. नळाचा पाइप वाढवावा लागला, दोनशे-तीनशे रुपयांचा प्रश्न. पण कूलरचा झोत एका बाजूनं जोरात येतो, म्हणून त्याच्यापुढे पाच-सहा फुटांवर शेडनेटचा दुहेरी पडदा आडवा लावला. झोत पडद्यावर आपटतो, पसरतो आणि पलीकडे मंदपणे सगळ्या रुंदीतून निघतो. मोठ्या रेंजवर हेच काम छिद्रं असलेली पूर्ण भिंत करते; आपली गरिबाची आवृत्ती. समोरच्या जुन्या खिडकीत एक्झॉस्ट पंखा, तोही ट्रॅपच्या उंचीला. छताजवळचा एक्झॉस्ट गरम हवा काढतो, ते चांगलंच, पण शिशाची भुकटी छताला जात नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त हवी. काडतुसाच्या रेंजसाठी साधारण दहा टक्के जास्त धरतात. असं केलं की खोलीत किंचित ओढ राहते, दार उघडलं तर बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर ऑफिसात जात नाही. तपासायला पुन्हा उदबत्ती : दार बोटभर उघडून फटीशी धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे.

सरांची एक तक्रार हमखास येईल : वारा लावला की पेलेट सरकतं. अर्धी तक्रार खरी आहे. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दोन रिंगांतलं अंतर अडीच मिलिमीटर. आडवा वारा सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी असला तरी १० मीटरवर पेलेटला मिलिमीटरभर हलवू शकतो. पण मागून पुढं, सरळ लेनच्या दिशेनं जाणाऱ्या मंद हवेनं काही बिघडत नाही; पेलेट सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आसपास वेगानं निघालेलं असतं. म्हणजे जी हवा छातीला वाईट, आडवी आणि भोवऱ्याची, तीच स्कोअरलाही वाईट. हे सांगितल्यावर आमच्या सरांनी लगेच बाजूच्या भिंतीवरचे दोन्ही पंखे काढले. आरोग्याचं सांगून महिनाभर काढले नव्हते.

एसी लावलेला गाळा

शहरात दोन गाळे जोडून काचेची, एसीची रेंज काढायची पद्धत आलीय. आत गेलं की प्रसन्न वाटतं. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. पंधरा माणसं दोन तास तीच हवा फिरवत बसतात. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो, तो लावून बघा. बाहेर सव्वाचारशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) आसपास असतो. आत हजाराच्या वर गेला की ताजी हवा कमी पडतेय. जांभया, जड डोकं, शेवटच्या वीस शॉटांत घसरलेला स्कोअर, याला मुलाचा आळस म्हणण्याआधी मीटर बघावा. पण हा मीटर श्वासाचा हिशोब सांगतो, शिशाचा नाही. प्रदूषण दाखवणारे खिशातले मीटरही कण मोजतात. कण शिशाचा की ज्वारीच्या पिठाचा, हे त्यांना कळत नाही. एअर प्युरिफायर कोपऱ्यात ठेवून काम झालं असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि एक्झॉस्ट कुठाय ते विचारा.

काडतुसाची रेंज असेल तर

इथं उदबत्ती-शेडनेटचा जुगाड चालत नाही. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची सरकारी संशोधन संस्था नायोश फायरिंग लाईनवर मिनिटाला ७५ फूट वेगाची सलग हवा सुचवते, ५० फुटांच्या खाली जाऊ देऊ नका म्हणते. ७५ फूट म्हणजे सेकंदाला ०.३८ मीटर, नुकत्याच चालायला लागलेल्या लेकराच्या चालीनं. वाटतं, एवढंच? आता गुणाकार करा. ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच रेंज म्हणजे १८ चौरस मीटरचं तोंड. त्यातून ०.३८ मीटरनं हवा न्यायची तर तासाला साधारण २४,६०० घनमीटर हवा लागते. घरगुती एक्झॉस्टच्या खोक्यावर छापलेला आकडा वाचा, बहुधा एक-दोन हजारांच्या घरात असतो. त्यामुळे दोन एक्झॉस्ट दाखवून "व्हेंटिलेशन आहे की" म्हणणाऱ्या मालकाला हा गुणाकार कागदावर करून द्यावा. बाहेर सोडायची हवाही गाळून सोडायची, शेजारच्या वाड्यात नाही. हेपा नावाचा अगदी बारीक गाळणीचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो, पण तो भरतो, बदलावा लागतो आणि बदलताना तोच सगळ्यात घाण वस्तू असतो.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या जागेच्या हवेत शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम दिलेली होती. अमेरिकेत तीच आठ तासांच्या सरासरीला ०.०५, म्हणजे एक तृतीयांश. दोन्ही मोठ्या माणसांच्या कामाच्या पाळीसाठी आहेत. दहा वर्षांच्या मुलासाठी यांतला आकडा पुढे करू नये.

हात, ओठ, डबा

हवा सुधारली तरी एअर रेंजवर शिसं पोटात जायचा सोपा रस्ता हातावरून आहे. पेलेटचा डबा उघडून चिमटीनं शंभर पेलेट घ्या आणि बोटं बघा, काळपट होतात. त्याच बोटांनी भेळ.

माळेगावच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवाल्याला ओठांत छर्रे धरून एकेक भरताना मी पाहिलंय. घाईत हात मोकळा राहतो म्हणून. रेंजवरही एखादं मूल हे करतं. पहिल्या दिवशीच बंद करा, ओरडावं लागलं तरी चालेल.

खाणं-पिणं फायरिंग हॉलच्या बाहेर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी मात्र हवंच, म्हणून दाराबाहेर माठ आणि माठाशेजारी साबणासह नळ. आधी नळ, मग माठ. निव्वळ सॅनिटायझर हातावरून शिसं काढत नाही, फक्त पसरवतं. साबण लावून चोळून धुवावं लागतं, नखांखालीही. मूल उपाशीपोटी पाठवू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या अंगातही तसंच, त्यामुळे मुलीचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी बघा.

शूटिंगचे बूट रेंजवरच किंवा पिशवीत. घरी आल्यावर कपडे बदलून, वेगळे धुऊन मग धाकट्या भावंडाला उचलायचं. रांगणारं लेकरू फरशी चाटतं, ही अतिशयोक्ती नाही. घरात गरोदर बाई असेल तर हा भाग अजिबात सैल सोडू नका.

फडा आणि ट्रॅप

कोरडा झाडू मारायचा नाही. शिंदीच्या फड्यानं दोन मिनिटांत तुम्ही आठवड्याची बसलेली भुकटी पुन्हा नाकाच्या उंचीला आणता. ओलं पुसायचं, तेही दोन बादल्यांनी, एक पुसायची आणि एक पिळायची. घरगुती व्हॅक्यूमही नको, तो बारीक कण मागच्या बाजूनं बाहेर फेकतो; हेपा फिल्टरचा असेल तरच. शहाबादी फरशीच्या रेंजवर सांधे बघा, करड्या रेघा दिसतात. ते सांधे भरून घेतले तर पुसणं सोपं होतं. फायरिंग लाईनवर गालिचा असेल तर मी स्वतः तो काढायलाच सांगेन. गालिच्याशिवाय पाय गार पडतात, दिसायला बरं दिसत नाही, हे सगळं मान्य.

ट्रॅप रिकामा करणं हे सगळ्यात वाईट काम आणि ते नेहमी सगळ्यात लहान, नाहीतर सगळ्यात गरीब माणसाकडे येतं. मुलांना लावू नका. मोठ्या माणसानं, हातमोजे आणि नीट बसणारा एन-९५ मास्क लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून, ट्रॅपमध्ये आधी थोडं पाणी फवारून करायचं. तोंडाला दस्ती बांधून केलेलं काम हे काही न बांधता केल्यासारखंच. निघालेलं शिसं झाकणाच्या डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवरही. गळाची वजनं करायला कुणी घेऊन जात असेल तर देऊ नका.

रक्ताची तपासणी

नियमित नेमबाजी सुरू होण्याआधी एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, हा माझा आग्रह. पहिला आकडा नसला तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही. घरच्या जुन्या रंगातून आलं की रेंजवरून, कळत नाही. नमुना शिरेतून घ्यायला सांगा. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात हातावरचंच शिसं मिसळतं आणि आकडा उगाच फुगतो. मुलांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरला आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ला कारण शोधून थांबवा म्हणते. याखाली म्हणजे सुरक्षित, असं दोघंही म्हणत नाहीत. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं. आकडा चढला तर डॉक्टरांकडे जा, आणि त्याच आठवड्यात उदबत्ती घेऊन रेंजवर जा.

आणि लाईट गेली तर

ही गोष्ट बाहेरगावच्या पुस्तकांत नसते. दुपारी तीनला लाईट जाते, इन्व्हर्टरवर टार्गेटचे दिवे आणि मशीन चालू राहतात, एक्झॉस्ट मात्र बंद. मुलं नेम धरतच राहतात. आमच्याकडे आता एक्झॉस्टच्या लाईनवर लाल दिवा जोडलाय, पंखा थांबला की तो लागतो. तो लागला की पेलेटचे डबे बंद. लाईट येईस्तोवर मुलं पेलेट न घालता होल्डिंग (नेम धरून स्थिर राहणं) आणि ड्राय फायरिंग (रिकाम्या बंदुकीचा ट्रिगर दाबायचा सराव) करतात, आणि आमची लेक म्हणते तिचा ट्रिगर त्यातच सुधारला.